फडफडणे, फडकणे, भिरभिरणे : इंग्रजीतील पंखगतीचे शब्द आणि मराठी प्रतिशब्दांचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना सर्वांत अधिक अडचण कोणत्या शब्दांची येते, असा प्रश्न विचारला तर पारिभाषिक संज्ञा, संस्कृतिविशिष्ट शब्द आणि वाक्प्रचार यांकडे बोट दाखविले जाते. या शब्दांची अडचण उघड असते, म्हणून भाषांतरकार सावध असतो. परंतु ज्या शब्दांना कोशात सहज प्रतिशब्द मिळतो त्यांच्याबाबतीत अशी सावधगिरी राहत नाही, आणि नेमकी चूक तेथेच होते. पंख, पान, पताका, पापणी किंवा ज्योत यांच्या हालचालींचे इंग्रजी शब्द या दुसऱ्या वर्गात मोडतात.

पदव्युत्तर वर्गातील भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारे एक उदाहरण घेता येईल. इंग्रजी वाक्यात झाडावरून सुटलेले एक पिवळे पान 'फ्लटर' होत जमिनीवर येते. विद्यार्थी लिहितो, 'पिवळे पान फडफडत खाली आले.' वाक्याचे व्याकरण निर्दोष आहे आणि 'फ्लटर म्हणजे फडफडणे' या समीकरणाला द्वैभाषिक कोशांचा आधारही आहे. तरीही मराठी कानाला हे वाक्य खटकते. मराठीत गळालेले पान 'भिरभिरत', 'गिरक्या घेत' किंवा 'तरंगत' खाली येते, ते 'फडफडत' येत नाही. झाडावर असताना मात्र तेच पान वाऱ्याने फडफडू शकते. पान तेच, वारा तोच. मग देठ तुटताच क्रियापद का बदलते? या प्रश्नाचे उत्तर कोशात नाही, कारण ते एकेकट्या शब्दाच्या अर्थात नसून शब्दांच्या परस्परसंबंधांत आहे.

'फ्लॅप', 'फ्लटर', 'फ्लिकर' आणि 'फ्लिट' हे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यासमोर ठेवले जाणारे मराठी शब्द यांची अर्थक्षेत्रे तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. विवेचनासाठी विलेपार्ले या मुंबईच्या उपनगरातील भाषाव्यवहार समोर ठेवला आहे. १९२१ साली स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ सालापासून कार्यरत असलेला लोकमान्य सेवा संघ यांमुळे हे उपनगर मराठी सांस्कृतिक जीवनाचे एक केंद्र म्हणून ओळखले जाते. त्याच वेळी येथील वस्तीत गुजराती भाषकांचे प्रमाण लक्षणीय असून शिक्षणाची आणि व्यवसायाची भाषा म्हणून इंग्रजीचा वावर सर्वत्र आहे. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला जुहूचा किनारा, संक्रांतीला गच्च्यांवरून उडणारे पतंग आणि बाजारातील मासळी, अशी 'फडफडणाऱ्या' वस्तूंची सारी सामग्रीही येथे एकत्र मिळते.

२. इंग्रजी शब्दगट : 'फ्ल' हे आदिव्यंजन

इंग्रजीतील या शब्दांचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्या आरंभी येणारे 'फ्ल' हे जोडव्यंजन. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेज' या ग्रंथात अशा आदिव्यंजनांचा विचार केला आहे. 'फ्ल'ने आरंभ होणाऱ्या शब्दांत त्यांना दोन अर्थगट आढळले. एक गट हलत्या प्रकाशाचा (फ्लॅश, फ्लेअर, फ्लेम, फ्लिकर) आणि दुसरा हवेतील हालचालीचा (फ्लाय, फ्लॅप, फ्लिट, फ्लटर). त्याआधी, १९३० साली, जे. आर. फर्थ यांनी अशा अर्थसूचक ध्वनिसमूहांसाठी 'फोनेस्थीम' ही संज्ञा योजली होती. मराठीत तिला 'ध्वनिसंकेत' म्हणता येईल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे शब्द एकाच मुळातून निघालेले नाहीत. 'फ्लटर'चा संबंध प्राचीन इंग्रजीतील तरंगण्याच्या, म्हणजे 'फ्लोट'च्या, धातूशी आहे. 'फ्लिट' हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ हलविणे, स्थानांतर करणे असा आहे. स्कॉटलंडमध्ये बिऱ्हाड हलविण्याला आजही हाच शब्द वापरतात. 'फ्लिकर' हा प्राचीन इंग्रजीत पंखांच्या हलक्या, जलद हालचालीचा शब्द होता. प्रकाशाच्या संदर्भात तो पुढे वापरला जाऊ लागला. 'फ्लॅप' हा बहुधा आघाताच्या ध्वनीचे अनुकरण करणारा शब्द होय. भिन्न कुळांतील शब्द ध्वनिसादृश्यामुळे एकत्र आले आणि भाषकांच्या मनात त्यांचा एक गट तयार झाला, असा याचा अर्थ आहे.

या गटातील अंतर्गत भेद मूळ अर्थांच्या आधारे स्पष्ट होतात. 'फ्लॅप'मध्ये रुंद, चपट्या आणि एका कडेने जोडलेल्या वस्तूचा आघात आहे. म्हणून पाकिटाच्या झाकणालाही इंग्रजीत 'फ्लॅप' म्हणतात आणि तंबूच्या दाराच्या कापडालाही. 'फ्लटर'मध्ये लहान, जलद आणि वारंवार होणारी हालचाल आहे. मात्र मुळातील तरंगण्याचा अर्थ त्यात टिकून असल्यामुळे सुटलेली वस्तूही 'फ्लटर' होऊ शकते. 'फ्लिट'मध्ये स्थानांतर प्रधान असून 'फ्लिकर'मध्ये अस्थिरता प्रधान आहे.

दुसरे वैशिष्ट्य रूपाचे आहे. 'फ्लटर' आणि 'फ्लिकर' यांच्या अंती येणारा 'अर' हा प्रत्यय पुनरावृत्तिवाचक आहे. 'फ्लिक' म्हणजे एकदा दिलेला झटका, तर 'फ्लिकर' म्हणजे पुनःपुन्हा होणारी चंचल हालचाल. 'पॅट' म्हणजे एक थाप आणि 'पॅटर' म्हणजे टपटप. आजच्या इंग्रजीत हा प्रत्यय नवे शब्द घडविण्याच्या कामी फारसा येत नाही. मराठीत हेच कार्य द्विरुक्ती करते आणि ती मात्र पूर्णपणे जिवंत आहे. छायाचित्रकारांच्या गर्दीसाठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला 'क्लिकक्लिकाट' हा शब्द पाहिला तर परकीय ध्वनीलाही ही प्रक्रिया किती सहजपणे सामावून घेते हे कळून येते.

३. मराठी अनुकरणवाचकांची रचना

मराठीतील अनुकरणवाचक शब्दांची नोंद आधुनिक कोशकारांपैकी मोल्सवर्थ यांनी विशेष आस्थेने केली. त्यांच्या १८३१ च्या कोशात आणि त्याच्या १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत असे शब्द मोठ्या संख्येने येतात. 'कन', 'कर', 'दिनी', 'दिशी' या अंत्यांनी होणारी क्रियाविशेषणेही तेथे गटाने नोंदविलेली आहेत. हे शब्द म्हणजे बोलण्यातील किरकोळ आवाज नसून भाषेच्या व्यवस्थेचा भाग होत, ही जाण त्या नोंदींमागे दिसते. भाषाविज्ञानाच्या अंगाने १९६९ साली एम. बी. एमेनो यांनी 'लँग्वेज' या नियतकालिकातील लेखात भारतीय भाषांतील अनुकरणवाचकांचा विचार केला आणि आर्य व द्राविड या दोन्ही कुळांतील भाषांना जोडणारा तो एक समान विशेष असल्याचे दाखविले.

'फड' या ध्वन्यंशापासून मराठीत जी रूपे होतात ती पाहिली म्हणजे या व्यवस्थेची कल्पना येते.

(अ) फडकन : एकदाच आणि अकस्मात घडणारी क्रिया.
(आ) फडफड : तीच क्रिया पुनःपुन्हा होणे. नाम म्हणून स्त्रीलिंगी.
(इ) फडाफड, फडाफडा : मध्ये 'आ' येऊन सूचित होणारी त्वरित परंपरा, एकामागून एक, न थांबता.
(ई) फाडफाड : दीर्घ स्वरामुळे आलेली तीव्रता व ठसका.
(उ) फडफडाट : समूहाचा किंवा मोठ्या प्रमाणावरील ध्वनी. नाम म्हणून पुल्लिंगी.
(ऊ) फडफडीत : गुणवाचक विशेषण.
(ए) फडकणे, फडफडणे : क्रियापदे, त्यांची प्रयोजक रूपे फडकविणे, फडफडविणे.

यांतील (इ) हा प्रकार केवळ या शब्दापुरता नाही. पटपट-पटापट, टपटप-टपाटप, धडधड-धडाधड अशा जोड्यांत तोच नियम दिसतो. (ई) मधील रूपाचा सर्वांत परिचित उपयोग मात्र पंखांशी संबंधित नाही. 'तो फाडफाड इंग्रजी बोलतो' या वाक्यात ते आढळते. इंग्रजीतील 'फ्ल'च्या शब्दांचा विचार करताना, इंग्रजी बोलण्याच्या ओघाचे वर्णन मराठी माणूस याच ध्वन्यंशाने करतो, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

(ए) मधील दोन क्रियापदांचा भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'क'युक्त रूप आणि द्विरुक्त रूप अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत : चमकणे-चमचमणे, झळकणे-झळझळणे, धडकणे-धडधडणे, भडकणे-भडभडणे. यांपैकी पहिल्या रूपात क्रिया एकसंध, ठाम आणि बहुधा दृष्टीत भरणारी असते. दुसऱ्या रूपात ती विखुरलेली, आवर्तनात्मक आणि पुष्कळदा अस्वस्थ असते. छाती धडधडते, वाहन धडकते. तारा चमकतो, पाणी चमचमते. फडकणे आणि फडफडणे यांतील अंतरही याच जातीचे आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. 'फडके' म्हणजे कापड आणि 'फडकणे' यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. 'फड' या शब्दाचे तमाशाचा फड, उसाचा फड असे अर्थही डोळ्यांसमोर येतात. परंतु ध्वनिसादृश्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. प्रस्तुत विवेचन आजच्या वापरापुरते मर्यादित आहे.

४. बद्ध आणि मुक्त गती

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मराठीत काय काय फडफडते? पक्ष्याचे पंख, शीड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, उघड्या वहीची पाने, केळीचे फाटलेले पान, पापणी, वाऱ्यात सापडलेली ज्योत, जाळ्यात अडकलेला पक्षी. या सर्वांत समान काय आहे? आकार समान नाही, वेगही समान नाही. समान आहे ती एकच गोष्ट : यांपैकी प्रत्येक वस्तू कोठेतरी बांधलेली आहे. पंख शरीराला, शीड डोलकाठीला, कपडा दोरीला, पान शिवणीला किंवा देठाला, ज्योत वातीला, पक्षी जाळ्याला. एक बाजू धरलेली आणि दुसरी मोकळी, अशा वस्तूच्या हालचालीला मराठी 'फडफड' म्हणते.

याउलट भिरभिरते काय? फुलपाखरू, गळालेले पान, शोध घेणारी नजर, दोर तुटून वाऱ्याबरोबर चाललेला पतंग. येथे संपूर्ण वस्तू जागा बदलत असते आणि तिची दिशा अनिश्चित असते. 'भिरभिरे' हे खेळणे काडीला टोचलेले असते ही गोष्ट खरी; परंतु तेथे अर्थ फिरण्याचा आहे. गिरकी आणि भटकणे या दोन्ही अर्थच्छटा 'भिरभिर'मध्ये आहेत आणि दोहोंतही ओढून धरणारी कड नाही.

देठ तुटताच क्रियापद का बदलते, याचे उत्तर येथे मिळते. झाडावरचे पान बद्ध आहे, म्हणून फडफडते. गळालेले पान मुक्त आहे, म्हणून भिरभिरते. इंग्रजी 'फ्लटर' मात्र ही सीमा पाळत नाही, कारण तरंगण्याचा अर्थ त्याच्या मुळातच आहे. विद्यार्थ्याची चूक शब्द न आल्याची नसून, इंग्रजी शब्द जो भेद करीत नाही तो भेद मराठी करते हे न ओळखल्याची आहे.

या निकषाची कसोटी फुलपाखरावर लावून पाहता येते. 'फुलपाखरू बागेत भिरभिरत होते' या वाक्यात आनंद आहे. 'फुलपाखरू फडफडत होते' असे म्हणताच वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : ते कशात अडकले? कोळ्याच्या जाळ्यात की खिडकीच्या काचेमागे? शब्दाने स्वतःहून एक बंधन कल्पिले आणि त्याबरोबर व्यथाही आणली.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी डिसेंबर १९७२ मध्ये दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानाचे शीर्षक प्रश्नरूप होते. ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखांच्या हालचालीने टेक्ससमध्ये चक्रीवादळ उठेल काय, असा तो प्रश्न होता आणि तेथे 'फ्लॅप' हा शब्द योजलेला आहे. मराठीत याचे भाषांतर करताना 'फुलपाखराच्या पंखांची फडफड' ही रचना चालते, कारण पंख शरीराला बद्ध आहेत. 'फुलपाखराची फडफड' म्हटल्यास मात्र अर्थ बिघडतो. लॉरेन्झ यांनी याच कल्पनेसाठी १९६३ मध्ये सीगल या समुद्रपक्ष्याच्या पंखांचा दृष्टांत दिला होता. मराठी भाषांतरकाराला तो दृष्टांत अधिक सोयीचा ठरला असता, कारण मोठ्या पक्ष्याच्या पंखांना 'फडफड' जशी शोभते तशी फुलपाखराच्या निःशब्द पंखांना शोभत नाही.

५. श्राव्य आणि अश्राव्य

निःशब्दतेचा हा उल्लेख दुसऱ्या भेदाकडे नेतो. 'फडफड' ऐकू येते. मुंबईत चौकाचौकांत आढळणारी कबुतरे उडताना पंख एकमेकांवर आपटतात आणि त्यांचा थवा उठला की खरोखरच 'फडफडाट' होतो. येथे शब्द ध्वनीचे अनुकरण करतो. फुलपाखराचे उडणे मात्र कानाला जाणवत नाही. 'भिरभिर' हे कोणत्याही ध्वनीचे अनुकरण नव्हे. ते गतीचे नादचित्र आहे. मराठी व्याकरणात या दोन्ही प्रकारांना 'अनुकरणवाचक' या एकाच नावाने ओळखण्याचा प्रघात आहे. त्यामुळे ध्वनीचे अनुकरण आणि ध्वनीद्वारा गतीचे सूचन यांतील फरक झाकला जातो.

जपानी भाषेत हा फरक नावानेच केलेला आहे. तेथे ध्वनीचे अनुकरण करणारे शब्द आणि स्थितीचे अनुकरण करणारे शब्द असे दोन वर्ग मानतात. वाऱ्यात आवाज करीत हलणाऱ्या वस्तूसाठी 'पातापाता' आणि पाकळ्यांच्या किंवा फुलपाखरांच्या हलक्या तरंगत्या गतीसाठी 'हिराहिरा' असे शब्द तेथे आहेत. मराठीतील 'फडफड' आणि 'भिरभिर' यांच्याशी या जोडीचे साम्य विलक्षण आहे. अशा शब्दांसाठी १९३५ साली सी. एम. डोक यांनी बांटू भाषांच्या संदर्भात 'इडिओफोन' ही संज्ञा रूढ केली. अलीकडच्या काळात, २०१२ साली, मार्क डिंगमान्स यांनी जगातील भाषांची तुलना करून असे मांडले की अशा शब्दांत ध्वनीचे सूचन सर्वांत मूलभूत असून त्यानंतर गतीचा क्रम लागतो आणि मग दृश्य रूपाचा व इतर संवेदनांचा. मराठीत हे टप्पे आढळतात : 'फडफड' (ध्वनी), 'भिरभिर' (गती), 'लखलख' (दृश्य).

स्वरांचा विचारही येथे करता येतो. ऑटो येस्पर्सन यांनी १९२२ साली 'इ' या स्वराचा लहानपणाशी असलेला संबंध दाखविला आणि एडवर्ड सपीर यांनी १९२९ साली कल्पित शब्दांच्या आधारे त्याचे प्रायोगिक परीक्षण केले. इंग्रजीतील 'फ्लिट' व 'फ्लिकर' हे 'इ'कारयुक्त शब्द बारीक गतीचे आहेत आणि 'फ्लॅप' हा रुंद गतीचा. मराठीत 'फडफड', 'भुरभुर', 'भिरभिर' असा क्रम लावला तर वजन कमी होत जाते. कपडे फडफडतात, कपाळावरचे केस भुरभुरतात, फुलपाखरू भिरभिरते. व्यंजनांतही 'ड' आणि 'र' यांत असाच फरक जाणवतो. पार्ल्यातील मराठी आणि गुजराती भाषकांच्या शेजारामुळे तो सहज तपासता येतो. मराठीत ध्वज 'फडकतो', तर गुजरातीत तो 'फरके छे'. मराठीच्या 'ड'मधील ठसका तेथे सौम्य झाला आहे. उलट गुजरातीतील 'फफडाट' हा शब्द भीतीचा, धास्तीचा वाचक आहे. मराठी 'फडफड'मध्ये जी व्यथा पार्श्वभूमीला असते ती तेथे मुख्य अर्थ बनली आहे.

फर्दिनां द सोस्यूर यांनी (त्यांची व्याख्याने १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली) चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धांत मांडताना अनुकरणवाचक शब्द संख्येने अल्प असतात आणि तेही अंशतः रूढीनेच ठरतात, असे उत्तर दिले होते. दुसरा भाग मान्य करावा लागतो. गुजराती आणि मराठी यांतील वरील फरकच त्याची साक्ष देतो. पहिला भाग मात्र मराठीसारख्या भाषेला लागू होत नाही. जेथे असे शब्द मोठ्या संख्येने असून त्यांना स्वतःचे रूपनियम आहेत, तेथे त्यांना अपवाद म्हणणे कठीण आहे.

६. भावमूल्याचा प्रश्न : ध्वज, दिवा आणि विमान

बद्धता आणि श्राव्यता यांच्या जोडीला भावमूल्य हा तिसरा भेद आहे. ध्वज बद्ध असतो आणि जोराच्या वाऱ्यात आवाजही करतो. तरीही गौरवाच्या प्रसंगी तो 'फडकतो', 'फडफडत' नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी होती आणि जमनालाल बजाज हे तिच्या प्रमुखांपैकी होते. अशा छावणीचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी मजकुरात ध्वजासाठी 'फ्लटर' हे क्रियापद आले आणि भाषांतरकाराने 'छावणीवर ध्वज फडफडत होता' असे लिहिले, तर छावणी मोडकळीस आल्याचा भास होईल. 'फडकत होता' म्हणताच चित्र पालटते. शोकप्रसंगी ध्वज अर्ध्यावर असतो तेव्हाही इंग्रजीत त्यासाठी 'फ्लाय' हे क्रियापद चालते. मराठीत मात्र ध्वज 'अर्ध्यावर उतरविला' असेच म्हणतात. 'अर्ध्यावर फडकला' हे विसंगत वाटते, कारण 'फडकणे' या शब्दात अभिमान आहे आणि शोकाशी त्याचा मेळ बसत नाही.

'फडफड'चे भावमूल्य याच्या विरुद्ध टोकाला जाते. मालवण्यापूर्वी दिवा फडफडतो. म्हणूनच सत्ता किंवा प्रतिष्ठा संपत आलेल्या व्यक्तीच्या अखेरच्या धडपडीला 'विझत्या दिव्याची फडफड' म्हणतात. पिंजऱ्यातला पक्षी फडफडतो. पुढे एक पाऊल टाकले की 'तडफड' येते आणि तेथे प्राणांतिक वेदनाच असते. 'फडफड', 'धडपड', 'तडफड' ही मालिका सुटण्याच्या प्रयत्नापासून यातनेपर्यंत चढत जाते. बांधलेली वस्तू सुटू पाहते, ही जी बद्धतेची कल्पना वर मांडली तिचाच हा भावनिक विस्तार होय.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते टाळून चालणार नाही. कोळीण 'ताजी फडफडीत मासळी' म्हणते तेव्हा मूळ प्रतिमा पाण्याबाहेरच्या माशाच्या हालचालीची असली तरी शब्दात व्यथा नाही, टवटवी आहे. 'फडफडीत भात' या प्रयोगात तर हालचालच नाही. शिते एकमेकांना न चिकटलेला, कोरडा, मोकळा भात एवढाच तेथे अर्थ. विशेषण बनताच शब्दाने कोरडेपणा आणि ताजेपणा हे गुण ठेवले व बंधन टाकून दिले, असे म्हणावे लागते. म्हणजे वर मांडलेला निकष क्रियापदाला आणि नामाला लागू पडतो. विशेषणाला तो सरसकट लावता येत नाही.

शास्त्रीय परिभाषेत या शब्दांचे आणखी एक रूप दिसते. पार्ल्याच्या पश्चिमेस असलेल्या जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. पुढे पूर्वेकडचा मोठा विमानतळ झाला आणि विमाने पार्लेकरांच्या नित्याच्या परिचयाची झाली. विमानाच्या पंखाच्या मागील कडेला असलेल्या, उतरताना खाली झुकणाऱ्या भागाला 'फ्लॅप' म्हणतात. तो हलून आघात करीत नाही. कडेने जोडलेला चपटा भाग एवढाच मूळ अर्थ तेथे उरला आहे. मराठीत त्याला 'फडफडी' असे काही नाव देणे हास्यास्पद होईल. 'फ्लॅप' हाच शब्द ठेवणे किंवा 'झडप' या अंगाने विचार करणे अधिक योग्य.

अभियांत्रिकीतील 'फ्लटर'ची गोष्ट याहून उद्बोधक आहे. वाऱ्याच्या झोताने पंख किंवा पूल कंप पावू लागतो आणि त्या कंपनालाच वाऱ्यातून अधिकाधिक ऊर्जा मिळून रचना मोडते, अशा स्थितीला ही संज्ञा आहे. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून कोसळला, तो याच जातीच्या कंपनामुळे. इंग्रजीत हलकेपणा सुचविणारा शब्द येथे विनाशाचा वाचक झाल्यामुळे इंग्रजी वाचकाला विरोधाभास जाणवतो. मराठीत 'फडफड' हा प्रतिशब्द घेतल्यास तो विरोधाभास उरत नाही, कारण बद्ध वस्तूची विनाशापूर्वीची हालचाल हा अर्थ मराठी शब्दात आधीपासूनच आहे. हृद्रोगाच्या परिभाषेत जलद पण नियमित आकुंचनाला 'फ्लटर' आणि अनियमित कंपनाला 'फिब्रिलेशन' म्हणतात. सामान्य मराठी बोलण्यात दोहोंसाठी 'धडधड' हाच शब्द येईल. परंतु आवर्तन दाखविणारा 'फडफड' आणि केवळ कंप दाखविणारा 'थरथर' असा भेद करण्याची सोय मराठीत आहे. ती वापरली जात नाही, एवढेच.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून भाषांतराच्या वर्गात 'फ्लटर = फडफडणे' असे समीकरण देण्याऐवजी चार प्रश्न द्यावेत असे सुचविता येईल. हलणारी वस्तू बांधलेली आहे की सुटी? हालचाल ऐकू येते की केवळ दिसते? ती एकदा होते की पुनःपुन्हा? आणि लेखकाला तेथे गौरव, आनंद, अस्वस्थता यांपैकी काय अभिप्रेत आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्द बहुधा आपोआप सुचतो. झाडावरच्या पिंपळपानांसाठी 'सळसळणे', चिमणीच्या उडण्यासाठी 'भुर्रकन', घारीसाठी 'घिरट्या', या फुलावरून त्या फुलावर जाणाऱ्या फुलपाखरासाठी 'भिरभिरणे' किंवा 'बागडणे', दूरच्या दिव्यासाठी 'मिणमिणणे', ताऱ्यासाठी 'लुकलुकणे', डोळ्याच्या आपोआप होणाऱ्या स्फुरणासाठी 'लवणे'. इंग्रजी शब्द चार आणि मराठी शब्द डझनभर, असे हे प्रमाण आहे.

रूपाच्या बाजूनेही एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजीत 'फ्लॅप' व 'फ्लटर' ही क्रियापदे सकर्मक आणि अकर्मक अशी दोन्ही प्रकारे चालतात. मराठीत पंख 'फडफडतात' आणि पक्षी ते 'फडफडवितो'. हत्तीच्या कानांसाठी यांपैकी काहीच चालत नाही. हत्ती सुपासारखे कान 'हलवितो'. अशी शब्दसाहचर्ये नियमांनी शिकविता येत नाहीत. वाचनातून आणि ऐकण्यातून ती अंगवळणी पडावी लागतात.

प्रश्न गंभीर होतो तो येथे. हे शब्द पाठ्यपुस्तकातून क्वचितच शिकविले जातात. घरातील बोलणे, अंगणातील खेळ, आजीच्या गोष्टी आणि बाजारातील हाका यांतून ते मुलांच्या कानावर पडत आले. ज्या घरांत शिक्षणाची भाषा इंग्रजी आणि बोलण्याची भाषा मिश्र झाली, तेथे संज्ञा टिकतात. 'झेंडा', 'पतंग', 'पाखरू' हे शब्द राहतात. प्रथम जातात ती अशी क्रियापदे, कारण 'हलणे' आणि 'उडणे' या दोन क्रियापदांवर काम भागते. काम भागते हे खरे. परंतु बांधलेल्या पानाची आणि सुटलेल्या पानाची गती वेगळी आहे, हे पाहण्याची भाषेने दिलेली सवय त्याबरोबर जाते. पुढे हाच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येऊन एखाद्या कवितेतील 'फडफड' आणि 'भिरभिर' यांत भेद करू शकत नाही, तेव्हा दोष त्याच्या काव्यदृष्टीला दिला जातो. वस्तुतः उणीव कानाची असते.

८. समारोप

'फ्लॅप', 'फ्लटर', 'फ्लिकर' व 'फ्लिट' हे इंग्रजी शब्द ध्वनिसादृश्याने एकत्र आलेला गट असून त्यांतील भेद आकार, वेग आणि स्थानांतर यांवर आधारलेले आहेत. मराठीतील संबंधित शब्दांचे भेद बद्धता, श्राव्यता, आवर्तन आणि भावमूल्य यांवर आधारलेले आहेत. दोन भाषांची मोजमापेच भिन्न असल्यामुळे एकास एक प्रतिशब्द शोधणे व्यर्थ होय. द्वैभाषिक कोशाने प्रतिशब्दांपुढे स्वल्पविराम देऊन पर्यायांची रांग लावण्याऐवजी प्रत्येकापुढे तो कोणत्या वस्तूला लागतो हे नोंदविल्यास अभ्यासकांची मोठी सोय होईल. हे काम एका व्यक्तीचे नाही. परंतु महाविद्यालयीन विभागांना ते हाती घेता येण्याजोगे आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातील अशा क्रियापदांची, त्यांच्या कर्त्यांसह, यादी केली तरी कोशाला आवश्यक असलेली सामग्री जमा होऊ लागेल. गच्चीवरचा पतंग, बाजारातील मासळी आणि खिडकीतले कबूतर यांच्यासाठी लोक कोणते क्रियापद वापरतात हे ऐकून लिहून घेणे, हा या अभ्यासाचा आरंभ ठरू शकतो.